वरून आलेला पूर

पुराचं पाणी घरात शिरलं तर आधी काय वाचवायचं, यावरून नणंद-भावजयीची सकाळीच जुंपली. भावजयीचं म्हणणं, आधी देवाची तसबीर, मग पिठाचा डबा आणि गोधड्या. नणंदेचं म्हणणं, आधी देवाची तसबीर, मग दादाची आरामखुर्ची, आणि त्यानंतर वेळ उरला तर बाकीचं जग. देवाबद्दल एकमत झालं, तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

भावजयीला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. आणि वहिनींच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांच्या नणंदेलाही सगळे वन्संच म्हणू लागले होते. कोपऱ्यावरचा बेकरीवाला चांगला भरघोस मिशांचा माणूस, पण तोही खुशाल "वन्सं, पाव गरम आहे" म्हणायचा. वन्संनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरातच त्यांचं आयुष्य गेलं, आणि भावजयीशी भांडण्यात ते बरंचसं सुखात गेलं. दोघींच्या मधे दादा असायचे. ते दोघींचं ऐकून घ्यायचे, दोघींनाही "तुझं बरोबर आहे" म्हणायचे आणि बस चालवायला निघून जायचे. यंदा थंडी सुरू होता होता दादा गेले. भांडण तसंच राहिलं, पण ते ऐकायला घरात कुणी उरलं नाही.

परगावी असलेल्या मुलानं दिवसकार्य आटोपून जाताना आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेही असं बाजूला की वन्संना नीट ऐकू जावं. "हा एक हिवाळा बघतो, आई. काही घोटाळा झाला की घराला कुलूप. तू माझ्याकडे यायचं. आत्याची आपण चांगल्या ठिकाणी सोय करू." चांगलं ठिकाण म्हणजे कुठलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि या दोघींनीही विचारलं नाही. पण तेव्हापासून दोघी काचेवरून चालावं तशा जपून राहत होत्या. भांडणंसुद्धा हळू आवाजात करत, न जाणो शेजारी मुलाला कळवतील.

आणि आता हा पूर. आठवडाभर हाडं गोठवणारी थंडी पडली होती, ती कमी म्हणून नदीच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. सकाळीच भोंग्याची गाडी गल्लीतून फिरून गेली. तिनं सांगितलं की तळमजल्यावरच्यांनी सामान वर न्यावं, विजेचा मुख्य खटका बंद करावा, प्यायचं पाणी भरून ठेवावं, वरच्या मजल्यावर थांबावं, आणि शेगडी पेटवली तर खिडकी थोडी उघडी ठेवावी. वहिनींनी सगळं दारात उभं राहून, हात जोडून ऐकलं. देवावर त्यांचा विश्वास होता. पण देव सूचना देतो त्या पाळायच्या असतात, असंही त्यांचं मत होतं.

दोघींनी एकही सूचना सोडली नाही. बेकरीवाल्यानं पुढच्या आणि मागच्या दाराशी वाळूची पोती रचून दिली. दाराच्या फटींत वन्संनी जुन्या साड्या अशा ठासल्या की मुंगी आत येऊ नये. वहिनींनी खटका पाडला. ओट्याखालचा पिठाचा डबा ओढून काढला, तर त्याच्यामागे भिंतीत एक लाल चाक दिसलं. हे काय बाई, असं म्हणून त्यांनी त्याच्यावर ओलं फडकं वाळत टाकलं आणि डबा वर नेला.

वरच्या मजल्यावर दादा गेल्यापासून कुणी राहत नव्हतं. दोघी खालीच निजायच्या. वर गारठा असा की भिंतीला हात लावला तर हात मागे यावा. वन्संनी खोलीत शेगडी पेटवली, खिडकी चार बोटं उघडी ठेवली, आणि हळूहळू वर ऊब आली. गोधड्या, धान्य, फोटो, सगळं नीट रचलं गेलं. शेवटी वहिनींनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून दादांचा लोकरीचा कोट आणला. त्याच्या कॉलरला अजून दादांचा वास होता. त्या रोज संध्याकाळी कपाट आवरायच्या निमित्तानं तो वास घेत. पुराचं पाणी कितीही चढलं तरी पोचणार नाही अशी घरातली सगळ्यात उंच जागा म्हणजे वरच्या न्हाणीघरातला माळा. स्टुलावर चढून त्यांनी कोट तिथे ठेवला, वरून चादर घातली, आणि देवाचं नाव घेऊन खाली उतरल्या.

मग आली आरामखुर्ची. वन्संनी वरून ओढायची आणि वहिनींनी खालून ढकलायची, असं ठरलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अशी आडवी अडकली की ना वर, ना खाली. वन्संच्या मते खालून ढकलण्यात जीव नव्हता. वहिनींच्या मते वरून ओढण्यात अक्कल नव्हती. शेवटी एकमत झालं की दादांचीच खुर्ची, ती दादांसारखीच दोघींच्या मधे बसणार. यावर दोघी हसल्या आणि मग हसणं एकदम थांबलं. वहिनी खाली राहिल्या, वन्सं वर.

तेवढ्यात वर कुठेतरी फाडकन आवाज झाला. मागोमाग सरसर, सरसर.  मग खुर्चीच्या पायांमधून वन्संचा चेहरा दिसला.

"वहिनी, पूर आला."

"काहीतरीच काय. रस्ता कोरडा आहे. मी खिडकीतून बघतेय."

"रस्त्याचं मला नका सांगू. आपल्याकडे वरून आलाय."

"वन्सं, पूर खालून येतो."

"मग हे काय आहे, ते तुम्ही येऊन बघा," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी पायऱ्या उतरू लागलं. खुर्चीखालून, एकेक पायरी, पाहुण्यासारखं सावकाश.

पाणी कुठून बंद करायचं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. दरवर्षी थंडी सुरू झाली की दादा दोघींना बोलावून म्हणायचे, या, एकदा बघून ठेवा, माझ्यामागे उपयोगी पडेल. वहिनी म्हणायच्या, भाजी करपेल. वन्सं म्हणायच्या, तू कुठे जातोयस. आणि दादा एकटेच वाकून काहीतरी फिरवून बघायचे आणि उठायचे.

वन्संनी वर नळावर, पाइपावर, हाताला येईल त्यावर कपडे गुंडाळले. पाण्यानं त्यांना जुमानलं नाही. खाली वहिनींनी झाडू घेऊन पाणी दाराकडे लोटलं, तर दाराच्या फटीत वन्संच्या साड्या आणि त्यामागे बेकरीवाल्याची पोती. इतकं पक्कं काम त्या घरात पूर्वी कुणी केलं नव्हतं. पाणी दाराशी गेलं, थबकलं आणि मागे फिरलं. साड्या ओल्या होऊन अशा फुगल्या होत्या की ओढून निघेनात. घोट्याच्या वर पाणी चढलं तेव्हा बेकरीवाला चौकशीला आला. त्यानं खिडकीला नाक लावलं, एकदा आत पाहिलं, एकदा मागे वळून कोरड्या ठणठणीत रस्त्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मिशा नुसत्याच हलल्या.

त्यानंच बंबवाल्यांना बोलावलं. पुराचं घर म्हटल्यावर ते होडी घेऊन आले. कोरड्या गल्लीत होडी उतरवून चौघं उभे राहिले, आणि त्यांच्या म्होरक्यानं पूर कुठे आहे असं विचारलं. बेकरीवाल्यानं बोटानं दाखवलं. "आत."

पोती बाजूला झाली, दार ढकललं, आणि साऱ्या गल्लीत एकच पूर आला तो वहिनींच्या घरातून बाहेर. म्होरक्या सरळ ओट्याखाली वाकला, लाल चाकावरचं फडकं बाजूला करून त्यानं चाक फिरवलं. वरची सरसर थांबली. घरात इतकं शांत झालं की वहिनींना वाटलं, बोलायला हवं, नाहीतर रडू येईल.

म्होरक्या वर जाऊन पाहून आला. माणूस सज्जन होता, रागावला नाही. कडाक्याच्या थंडीत बंद मजल्यावरचा नळ जरा सोडून ठेवावा, थेंब थेंब पाणी वाहतं ठेवावं, म्हणजे पाइपात पाणी गोठत नाही, असं त्यानं समजावलं. इथे नळ घट्ट बंद होता. पाणी गोठलं, माळ्यावरून गेलेला पाइप चिरला, आणि आज शेगडीच्या उबेनं बर्फ वितळल्यावर चीर उघडी पडली. "दरवर्षी कुणीतरी सोडत असणार," तो म्हणाला. "यंदाच कसा बंद राहिला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

गल्लीतून कुणीतरी कळवलंच, आणि संध्याकाळी मुलगा आला. नदी काठाच्या आतच राहिली होती, रस्ते मोकळे होते, त्यामुळे यायला त्याला काही अडचण पडली नाही. पूर आला असता तर निदान उशीर तरी झाला असता, असं वहिनींच्या मनात येऊन गेलं. तो उरल्यासुरल्या पाण्यातून चालत आला, खुर्चीखालून वाकून वर गेला. जे जे वाचवायचं म्हणून वर नेलं होतं, तेवढं सगळं भिजलं होतं. पिठाची खळ झाली होती. माळ्यावरून वहिनींनी काढलेला कोट दोरीवर ठिबकत होता, आणि त्याला आता फक्त ओल्या लोकरीचा वास येत होता. वहिनींनी पुन्हा पुन्हा कॉलर नाकाशी नेऊन पाहिली होती.

मुलानं आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. खिशातून नवं कुलूप काढून त्यानं खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "नळ कुणी बंद केला?"

"मी," वन्सं म्हणाल्या.

"खोटं बोलतायत त्या. मी केला."

"वहिनी, मधे बोलू नका. माझ्या नावावर जाऊ दे. माझी सोय तशीही व्हायचीच आहे."

"वा. म्हणजे श्रेय तुमचं? दहावं झालं त्याच रात्री मी गेले वर. अंधारात टप टप ऐकू येत होतं. वाटायचं, हे आहेत वर, हात धुतायत. मला ऐकवेना." वहिनींनी कोटाची बाही पिळली. "मी बंद केला."

वन्सं बराच वेळ भिंत पुसत राहिल्या, जणू ती पुसून कोरडी होणार होती. "तुम्ही बंद केलात तो नीट झालाच नव्हता," त्या म्हणाल्या. "मी गेले तेव्हा गळतच होता. दोन्ही हातांनी आवळला मी. तुमच्या हातात जोर कधी होता? सकाळी ढकललीत ना खुर्ची, बघितला मी जोर."

"ओढणाऱ्यानं बोलू नये."

मुलानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. दोघी ओल्याचिंब, दोघींची नाकं लाल, आणि आता गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं भांडत होत्या. तो ओल्या जमिनीवर तसाच खाली बसला आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा रडला.  वन्संनी पदर पुढे केला, तो ओला होता. वहिनींनी केला, तोही ओला.

"घर वाळायला महिने जातील," तो मग म्हणाला. "चला. दोघीही."

"माझी चांगल्या ठिकाणी सोय करणार होतास ना?"

"आत्या, तू गेलीस तर आईनं भांडायचं कुणाशी? माझ्या बायकोशी? तिला जमणार नाही. ती पटकन हो म्हणते."

घराला कुलूप लागलं. वहिनींनी दाराला हात लावून नमस्कार केला आणि मागे वळून पाहिलं नाही. गाडीशी मात्र पुन्हा थोडं अडलं. वन्सं म्हणाल्या, वहिनींनी पुढे बसावं. वहिनी म्हणाल्या, वन्संनी बसावं, त्यांना मागे मळमळतं. असं बरंच झालं, आणि शेवटी दोघीही मागेच बसल्या, कारण पूर्वी तिघं मुलाच्या गाडीतून जात तेव्हा पुढे, मुलाशेजारी दादा बसायचे.

मुलानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. गाडी गल्लीचा कोपरा वळली. मग मागून, काच कुणाच्या बाजूची उघडी आहे, यावरून सुरू झालं.

"तुझं बरोबर आहे, आत्या," मुलगा पुढे बघत म्हणाला. "आई, तुझंही."