निरोगी घरचं विरजण

आप्पा सकाळी दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला. "टीचर, घरात समद्यांचं पोट साफ हाय न्हवं?" मी शाळेच्या घाईत मान हलवायची, की त्यांची वाटी पुढं. "मग विरजण द्या जरा."

आप्पा वडगावातले आमचे शेजारी. जन्म मागावर साड्या विणण्यात गेला. त्यांच्या बायकोला, आक्कांना, आमवात जडला. बोटांचे सांधे टरारून सुजायचे. डॉक्टरांनी समजावलं होतं, शरीराची राखण करणारी फौजच सांध्यांवर उलटते. आतड्यातल्या जंतूंचा त्यात हात असावा, संशोधन चालू आहे. पण गोळ्या सोडू नका. आप्पांनी मधलं तेवढं ऐकलं.

पुढं मोबाईलवर कुणीतरी सांगितलं, की निरोगी माणसाच्या पोटातले जंतू आजाऱ्याच्या पोटात सोडतात. ते निरोग्याच्या शौचातून काढतात हे कळल्यावर आप्पांना जेवण गेलं नाही. मग त्यांनी आपला सोवळा मार्ग काढला: निरोगी घरचं विरजण. कोपऱ्यावरच्या वकिलांना ॲसिडिटी, त्यांचं विरजण नापास. कंग्राळीची कुणी म्हातारी अजून शेतात राबते म्हटल्यावर बस धरून तिचं दही आणलं.

"पोटात चांगली वस्ती बसली, की रोग आपसूक घर सोडतोय," म्हणायचे. गल्ली हसायची. मीही हसायची.

पण गोळ्यांनी ही वस्ती मरेल म्हणून त्यांनी आक्कांच्या गोळ्याच बंद केल्या. उन्हाळा येईपर्यंत बोटं वाकडी झाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरली, बोटं काही सरळ झाली नाहीत. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणाऱ्यांचा मला आधीच तिटकारा. आप्पांचा तर संताप आला. अजून येतो.

परवा डबा द्यायला गेले, तर आप्पा जमिनीवर बसून आक्कांच्या निऱ्या घालत होते. जन्मभर साड्या विणल्या, नेसवायची वेळ कधी आली नव्हती. काठ सारखा निसटत होता.

"सरा आप्पा, मी घालते."

"नगो," ते मान वर न करता म्हणाले. "ह्ये काम माझंच हाय आता."

"करू देत त्यास्नी, टीचर," आक्का भिंतीकडं बघत म्हणाल्या. "चांगल्या पडल्या तरी सोडत्यात, परत घालत्यात. मी शिव्या घालीन म्हणून वाट बघत्यात."

आप्पांचे हात थांबले. मग आप्पांनी निऱ्या सोडल्या आणि पहिल्यापासून घ्यायला लागले.