सुपडूआबांचं बुटकं दार

सुपडूआबा भिंतीत खिळा ठोकायच्या आधी भिंतीची परवानगी घेतात, असं आमच्या गल्लीत म्हणतात. ही अतिशयोक्ती आहे. ते आधी बायकोची, म्हणजे विमलकाकूंची घेतात. मग शेजारच्या भटूची, कारण भिंत सामाईक आहे. आणि मग ज्याच्याकडून हातोडा आणला त्याची पुन्हा एकदा, कारण हातोडा देताना त्याने 'कशासाठी' हे विचारलेलं नसतं. एवढं होईपर्यंत ज्या कॅलेंडरसाठी खिळा हवा असतो, ते वर्षच संपत आलेलं असतं.

आबा बसतात ते 'बठू का?' विचारून आणि उठतात ते 'उठू का?' विचारून. चहाचा दुसरा कप, एसटीतली खिडकी, माझ्या कुंपणातला कढीपत्ता, सगळ्याला आधी परवानगी. ग्रामसभेत एकदा त्यांनी हात वर करून "नही म्हनू का?" असं विचारलं. सरपंच फोनवर होते. त्यांनी सवयीने "म्हना, म्हना" म्हटलं आणि तयार ठराव बारगळला. एका मयताच्या घरी आबांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन "रडू का?" विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. तो बिचारा स्वतः रडायचा थांबला.

कुणी हसलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "इचाराले काय तोंड दुखस?"

आमचं गाव तापीच्या काठावर. भोवती केळी, ऊस आणि कापूस, आणि गावाच्या मधोमध महादेवाचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ. देवळाबाहेर निळा फलक आहे: हे संरक्षित स्मारक असून आसपास बांधकाम किंवा दुरुस्ती करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. देवळापेक्षा फलकाची निगा जास्त राखली जाते, कारण फलक सरकारी आहे. आमची सगळी गल्ली त्याच्या हुकमाखाली येते. म्हणजे कागदावर येते. प्रत्यक्षात जोडून सुट्ट्या आल्या की गल्लीत रात्रंदिवस मिक्सर फिरतो आणि पुरातत्त्व खात्याची कचेरी उघडेपर्यंत कुणाचा तरी स्लॅब पडलेला असतो. भटूने तर गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह बसवले आहेत. त्यांचं तोंड महादेवाकडे आहे. महादेवाने अजून हरकत घेतलेली नाही.

गल्लीची दुसरी खासियत म्हणजे ती वर वर येते. दर निवडणुकीला तिच्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो. नारळ फुटतो, फोटो निघतो, गल्ली वीतभर उंच होते आणि घरं होती तिथेच राहतात. जुनी शहरं जमिनीखाली कशी जातात, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. समजलं ते या गल्लीत राहायला आल्यावर. ती जात नाहीत. त्यांच्यावर विकास होतो.

या विकासामुळे पावसाचं पाणी घरांत शिरू लागलं, तेव्हा आबांनी घरात मुरुमाची भर टाकून फरशी उंच करून घेतली होती. मी गल्लीत येण्याच्या आधीची ही गोष्ट. जमीन वर आली, पण दाराची चौकट जागची हलली नाही. ती सागवानी आहे, वरच्या पट्टीवर पोपटांची ओळ कोरलेली आहे, आणि बेताच्या उंचीच्या माणसाचं कपाळ बरोबर त्या पोपटांवर आपटतं. आमच्या गल्लीत कपाळाला टेंगूळ दिसलं, तर 'काय झालं?' असं कुणी विचारत नाही. 'आबा घरी होते का?' असं विचारतात.

त्या दारातून आजवर एकच माणूस ताठ मानेने ये-जा करत आला. स्वतः आबा. त्यांची उंची इतकी आटोपशीर आहे, की फेटा बांधूनही ते पोपटांना लागत नाहीत. म्हणून एका उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले आणि दार उंच करायचं आहे म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं.

"सर, अर्ज लिखनं शे. लिखशात का?"

मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. जो मराठी शिकवतो त्याला कचेरीचं मराठी येत असणार, असा गल्लीचा समज आहे. या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि आबा बोलतात ती अहिराणी तिसरी. पण मी कागद पुढे ओढला.

भटू ओट्यावरून ऐकत होता. "आबा, कसाले अर्ज? रईवारले पाडा, सोमवारले बशाडी द्या. कोन देखस?"

"कानबाई देखस," आबा म्हणाले. "आनि चोरीना दारम्हा मी मानूस कसा बोलावू?"

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातल्या घराघरांचं दैवत. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. घर धुऊन, रंगवून, भाऊबंद असतील तिथून गोळा होतात आणि तिच्या नावाचा रोट, म्हणजे गव्हाचा नैवेद्य, करून खातात. हा रोट फक्त घरच्यांचा. बाहेरच्याला, मग तो कितीही जिवाभावाचा असो, त्यातला कणसुद्धा देत नाहीत, आणि उरवायचाही नाही. दरवर्षी कानबाई झाली की आबा आठवडाभर ओवा चघळत फिरतात आणि मी ते खादाडपणाच्या खाती टाकत आलो होतो. यंदाच्या कानबाईच्या आत दार उंच झालं पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'मान्यता मिळणेस विनंती' पर्यंत मी अर्ज झोकात वाचून दाखवला. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"याम्हा 'करू का?' कोठे शे?"

"मान्यता मिळणेस म्हणजे तेच की आबा."

"नही. 'करू का?' लिखा."

मी शेवटी लिहिलं: 'दार उंच करू का?' त्या फाइलमध्ये पुढे बरेच कागद जमले, पण एका वाचनात समजेल असं वाक्य तेवढंच राहिलं.

कचेरीचं पत्र आलं. उंची वाढवण्याचं प्रयोजन काय, असं त्यात विचारलं होतं. मी लगेच लिहिलं: 'प्रकाश व वायुवीजन.' आबांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते हसले.

"वाराले उंच दार कसाले लागस? वारा वाकीसन येस. खोटं नका लिखू. लिखा, येनारा मानूस उंच शे."

"कोण येणार आहे?"

"शे एक," म्हणून ते दाराकडे बघत बसले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी "जाऊ का?" विचारलं.

अखेर पाहणीला साहेब आले. पुढे साहेब, मागे टेप धरणारा, त्याच्या मागे टेप धरणाऱ्याची बॅग धरणारा, आणि सगळ्यांच्या मागे शाल-नारळ घेतलेले सरपंच. गल्ली निर्मनुष्य झाली होती. भटूने आपल्या सिंहांवर गोधड्या वाळत घातल्या होत्या. त्यातून एकाची शेपटी बाहेर आली होती, पण साहेबांची नजर चौकटीवर होती. त्यांनी आम्हाला वारसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वारशापुढे माणसाने नम्र असावं, हे वाक्य त्यांनी फार सुरेख म्हटलं आणि मान ताठ ठेवून आत पाऊल टाकलं.

पोपटांनी आपलं काम केलं.

साहेब कपाळ धरून मटकन फरशीवर बसले. सगळे धावले, पण सर्वांत आधी आबा वाटीत हळद घेऊन हजर.

"साहेब, हयद लावू का?"

"लावा हो, लावा!"

"दाबीसन लावू का हलकी?"

त्यानंतर प्रयोजनाचा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही. साहेब माणूस वाईट नव्हते. पिवळ्या कपाळाने त्यांनी चहा घेतला, चौकटीवरून मायेने हात फिरवला आणि अट सांगितली: चौकट हीच राहील, एकाही पोपटाला धक्का लागणार नाही, तीच उचलून वर बसवायची. "मी लिहून पाठवतो," ते म्हणाले. जाताना मात्र ते इतके खाली वाकून बाहेर पडले, की सरपंचांना ते आबांच्या पाया पडताहेत असं वाटलं आणि तेही घाईने वाकले.

पण साहेबांचा होकार वरच्या साहेबांकडे गेला, आणि तिथे तो मुक्कामाला राहिला. पाऊस लागला. श्रावण आला. घराघरांतून चुन्याचा वास येऊ लागला. आबा रोज पोस्टमनला "काही शे का?" विचारत आणि पोस्टमन लांबूनच हात हलवी.

एका संध्याकाळी मी कढीपत्ता द्यायला गेलो. म्हणजे आबांनी तो मागितला होता, मी हो म्हटलं होतं, तरी ते तोडायला आले नव्हते. विमलकाकू रोटासाठी गहू काढत होत्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, असा रिवाज. आबांना दोन्ही मुलीच. त्या लग्न होऊन गेल्या, त्यांची कानबाई सासरची. म्हणजे एकच वाटा हवा. काकूंनी सुपात दोन ढिगल्या केल्या.

"ही दुसरी कुणाची?"

"हिलालनी," काकू म्हणाल्या. "येसना धाकला भाऊ. सुरतले ऱ्हास."

मग त्यांनी सांगितलं. घर दोघा भावांचं. हिलाल कापडाच्या गिरणीत लागला तेव्हापासून आबाच ते सांभाळत होते. फरशी उंच केली ती हिलालला न कळवता. त्यात काय कळवायचं, असं आबांना वाटलं. त्या कानबाईला हिलाल सासरची माणसं घेऊन आला. अंगाने ताडमाड. हातात मिठाईचा खोका, नवे कपडे, जन्मापासून पायाखालचं दार. सगळ्या गल्लीदेखत त्याचं कपाळ पोपटांवर आपटलं. गल्ली हसली. सगळ्यांत जास्त आबा हसले. हिलाल लालेलाल झाला. "घर दोन्हीस्नं शे. मले इचारं का?" आणि आबा हसता हसताच म्हणून गेले, "तुले काय इचारानं? तू ते पावना!"

"मग हिलाल काय म्हणाला?"

"पावनाले रोट देतस नही ना, म्हने. मंग मी जास." काकूंनी सूप हलवलं. "गया. तवयपाईन उना नही." त्या कानबाईपासून तो आलाच नव्हता.

"आणि हा वाटा?"

"बाहेरनाले देता येस नही. टाकता येस नही." त्यांनी ओट्याकडे मान केली. तिथे आबा, सोडू का म्हणून कुत्र्याला विचारत, त्याच्या पायात अडकलेली सुतळी सोडवत होते. "खातस मंग दोन्ही वाटा. वय शे का आते?"

मी कढीपत्ता ठेवला आणि ओव्याबद्दल जे समजत होतो ते मनातल्या मनात खोडलं.

परवानगी आली ती कानबाईच्या अगदी तोंडावर. मी पत्र वाचून दाखवलं. पत्र नेहमीसारखंच गहन होतं, पण शेवटी 'हरकत नाही' असे दोन स्वच्छ शब्द होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्तरी आला. तुळईला टेकू लागले, चौकटीभोवती गोणपाटं बांधली, भटूसुद्धा हात लावायला आला. मिस्तरीने छिन्नी टेकवून हातोडा उचलला, आणि आबा म्हणाले, "थांब. एक परवानगी बाकी शे."

"आते कोनी?" भटू ओरडला. "महादेवनी?"

आबांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "सर, हिलालले लाई द्या." मी फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता.

"कोन?"

"हिलाल, मी सुपडू." आबांनी घसा खाकरला. "दार उंच करी ऱ्हायनू. सरकारनी परवानगी शे. पन घर दोन्हीस्नं शे. मन्हं पहिले चुकनं." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना विचारत आले होते. "करू का?"

पलीकडचा खडखडाट लांब गेला. हिलाल बाहेर आला असावा. मिस्तरीचा हातोडा हवेतच होता.

"मिस्तरीले दे," हिलाल म्हणाला.

मिस्तरीने फोन कानाला लावला, "हा... हा... बरं," म्हटलं आणि परत दिला. "डोकावर चार बोटं मोकयं सोडाले सांगस," तो म्हणाला आणि कामाला लागला.

रविवारी कानबाई बसली. नव्या चुन्यात ती जुनी चौकट पोपटांसकट वर गेली होती आणि दारातून आत इतका उजेड येत होता, की मी लिहिलेलं 'प्रकाश व वायुवीजन' अगदीच खोटं नव्हतं, असं मला वाटलं. दुपारी गल्लीत एक उंच, पिकल्या केसांचा माणूस आला. हातात मिठाईचा खोका. दारापाशी येताच त्याचा मोकळा हात आपोआप कपाळावर गेला. त्याने वर पाहिलं. डोकं आणि पोपट यांच्या मध्ये चार बोटं होती.

तरी तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दादा, येऊ का?"

आबा कानबाईपुढून उठले. या माणसाने आयुष्यात परवानगी घेतली नाही अशी गोष्ट मी पाहिली नव्हती, आणि ती मागणाऱ्यावर चिडलेलंही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"इचारी काय ऱ्हायना, येड्या?" ते ओरडले. "तू काय पावना शे?"