अपूर्ण विभागातलं कासव

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. झाडं होती, जनावरं होती, समित्या होत्या. जंगल म्हणायला एवढं पुरे.

साळिंदराचं नाव यमू. यमू चित्रपट काढायची. जंगलात चित्रपट कसा काढतात, असं तुमच्या मनात आलं असेल. आलं नसेल तरी सांगतो. वाळलेल्या केळीच्या सोपटाची लांबच लांब पट्टी घ्यायची. टोकदार काट्याने टोचून टोचून तिच्यावर एकामागून एक चित्रं काढायची. मग अंधाऱ्या गुहेत काजव्यांचा थवा बसवायचा आणि त्यांच्यापुढून पट्टी सरसर ओढायची. भिंतीवर चित्रं चालायला लागतात. मधेच पट्टी तुटते, मग प्रेक्षक शिट्ट्या मारतात. तेवढं तुमच्याकडच्यासारखंच.

मोठ्या जनावरांना काटे आणून द्यायला माणसं असत. म्हणजे जनावरंच, पण माणसं म्हणायची पद्धत आहे. यमूकडे कोणी नव्हतं. ती आपल्याच अंगावरचा काटा उपटायची आणि चित्र टोचायची. काटा बोथट झाला की दुसरा उपटायची. अशा जनावरांना त्या जंगलात 'स्वतंत्र' म्हणत.

यमूने एकच चित्रपट काढला होता. तो धोंडूतात्यांवर होता.

धोंडूतात्या म्हणजे तळ्यातलं म्हातारं कासव. एका उन्हाळ्यात तळं पार आटलं. बाकीचे चिखलात शिरून झोपायला निघाले. तात्या म्हणाले, मी नदीवर जातो. बेडूक म्हणाले, या वयात? तात्यांनी मान बाहेर काढली. ते निघाले.

यमू त्यांच्याबरोबर चालली आणि चित्रं टोचत राहिली. कासवाबरोबर चालणं वाटतं तेवढं सोपं नसतं. आपण जरा तंद्रीत राहिलो की आपणच नदीवर पोचतो आणि ज्याच्यावर चित्रपट आहे तो मागे राहतो. यमू दर झाडाखाली थांबायची. तिची पाठ अर्धीअधिक बोडकी झाली.

आणि तात्या पोचले. नदीच्या उतारावर त्यांचा जीव इतका थकला होता की त्यांनी डोळे मिटले. तसेच घसरत गेले आणि पाण्यात पडले. यमूने ते सगळं टोचून घेतलं. पाणी उडालं ते सुद्धा.

पुढे गंमत अशी झाली, की नदीला पूर आला आणि पुराने तात्यांना परत तळ्यात आणून सोडलं. तिथे त्यांनी डोळे उघडले. समोर आपलंच तळं, आपलीच पाणकणसं.

"तात्या, झोप झाली का?" बेडकांनी विचारलं.

"झोप कसली? मी नदीवर जाऊन आलो."

बेडूक इतके हसले की दोन-चार जण पाण्यात पडले. "तुम्ही चिखलातून हललाच नाहीत," ते म्हणाले.

तात्या ओशाळले. मग त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. संध्याकाळी ते यमूच्या बिळाशी आले.

"यमे, खरं सांग हो. मी पोचलो होतो का?"

"पोचला होतात तात्या. माझ्याकडे आहे ते."

"मग दाखव की. मला एकदा बघू दे, आणि या बेडकांनाही. म्हणजे मी मरायला मोकळा."

यमूने शब्द दिला. पट्टी तयार होती, तळ्याकाठच्या खडकात बरीशी कपार होती. फक्त काजवे नव्हते. जंगलातले झाडून सगळे काजवे डोंगरावरच्या मेळाव्याच्या ताब्यात होते.

मेळाव्याचं पूर्ण नाव होतं 'स्वतंत्र चित्रकर्मी आणि व्यवसायातले जाणकार यांचा स्नेहमेळावा'. तिथे एकीकडून स्वतंत्र येत, दुसरीकडून जाणकार येत. दोघांची गाठ पडावी म्हणून मधे फराळ ठेवलेला असे. जाणकारांची गाठ फराळाशी पडे. मग ते एकमेकांशी बोलत.

यमू पट्टीची गुंडाळी पाठीवर टाकून तिथे गेली. दारातच तिच्या गळ्यात हिरवं पान अडकवलं. जाणकारांच्या गळ्यात पिवळं पान होतं. तिथे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. आधी गळ्याकडे बघायचे. पान हिरवं दिसलं की नजर पुढे सरकायची, पण हसू मात्र जागच्या जागी राहायचं.

आपल्या चित्रपटाबद्दल बोलायला प्रत्येकाला वेळ मिळे. समोरच्या पानावरून दवाचा थेंब ओघळून पडेपर्यंत बोलायचं. थेंब पडला की बस.

यमूच्या वाट्याला गिधाडराव आले. एका जंगलातला चित्रपट दुसऱ्या जंगलात पोचवायचा त्यांचा व्यवसाय होता.

"एक म्हातारं कासव आहे," यमू म्हणाली.

"छान. आणि ससा?"

"ससा नाही."

"असं कसं? कासव आलं की लोक सशाची वाट बघतात. ससाच नाही, तर कासव जिंकतं कोणाशी?"

"ते जिंकत नाही. पोचतं."

गिधाडरावांनी मान खांद्यात ओढून घेतली. "बरं, काम कुठवर आलंय?"

"पुरा झालाय."

गिधाडरावांचा आवाज एकदम खाली आला. "अरेरे. कधी?"

"गेल्या पावसाळ्यात."

"घरचे सावरले का?" असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर पंख ठेवला. थेंब पडला.

यमूला काही कळेना. ती एका कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हा मेळाव्याचे अध्यक्ष बगळेसाहेब तिच्याजवळ आले. पांढरेशुभ्र, शांत, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या तळ्यातले मासे सुद्धा त्यांच्याबद्दल वाईट बोलत नसत. जे बोलले असते, ते आता नव्हते.

"तुमचं चुकलं कुठे, सांगू का?" बगळेसाहेब म्हणाले. "तुम्ही चित्रपट पुरा करून बसलात. पुऱ्याला आम्ही काय मदत करणार? त्याला काही लागतच नाही. अपुऱ्याला लागते. आमचा अपूर्ण विभाग फार नावाजलेला आहे."

"मला मदत नको साहेब. ओंजळभर काजवे हवेत. तळ्याकाठी एकदाच दाखवायचाय."

"काजवे जाणकारांना मिळतात."

"जाणकार कसं होतात?"

"बक्षीस मिळालं की."

"बक्षीस कुठे मिळतं?"

"अपूर्ण विभागात," बगळेसाहेब म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

यमू काही वेडी नव्हती. तिने सरळ हिशेब केला. शेवट कापायचा, बक्षीस घ्यायचं, काजवे घ्यायचे, शेवट परत चिकटवायचा. डिंकाला काय तोटा, बाभळी उभ्या होत्या. तुम्हीही असाच हिशेब केला असतात. उगाच माना हलवू नका.

तिने दातांनी पट्टी कातरली. तात्या डोळे मिटतात, तिथे. घसरणं आणि पाण्यात पडणं वेगळं झालं. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न होता.

कापलेला तुकडा बगळेसाहेबांकडे जमा करावा लागला. नाहीतर लोक गुपचूप चित्रपट पुरा करतात, असा अनुभव होता. बगळेसाहेबांनी तो एका पायात घट्ट धरला आणि पाय पोटाशी घेतला. ते एका पायावर का उभे असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

यमूला बक्षीस मिळालं. 'सर्वांत आशादायक अपूर्ण चित्रपट'. टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणजे मोरपीस. पाठीवर जिथे काटा उपटला होता, तिथे ते खोचलं. बरोबर बसलं.

मग मार्गदर्शन झालं. मार्गदर्शक पोपट होते. त्यांनी स्वतः चित्रपट काढला नव्हता, पण मार्गदर्शन फार लहान वयात सुरू केलं होतं.

"कासव शेवटी मरायला हवं," पोपट म्हणाले.

"मला तर पहिल्यापासून तसंच वाटत होतं," गिधाडराव म्हणाले.

"पण ते मेलं नाही," यमू म्हणाली. "तळ्यात आहे. वाट बघतंय."

"त्यावरही काम करता येईल," पोपट म्हणाले.

यमूने काजव्यांचं विचारलं. बगळेसाहेब म्हणाले, काजवे कुठे पळून जातात? आधी पलीकडच्या जंगलातल्या अपूर्ण विभागाचं बोलावणं आलंय, ते करून या.

यमू गेली. तिथेही मोरपीस मिळालं. मग त्याच्या पलीकडच्या जंगलातून बोलावणं आलं. यमूच्या गळ्यात आता पिवळं पान होतं. लोक बोलताना तिच्या तोंडाकडे बघत. दर ठिकाणी कोणीतरी विचारायचं, कासव पोचतं का हो? पहिल्यांदा तिने सांगितलं, पोचतं. त्यावर सगळे हिरमुसले. पोपटांनी तिला बाजूला घेऊन दुसरं उत्तर शिकवलं. ते म्हटल्यावर लोक माना डोलवत आणि टाळ्या वाजवत.

खरं सांगायचं तर यमूला हे आवडू लागलं होतं. तात्यांची आठवण यायची. आली की ती कावळ्याबरोबर निरोप धाडायची, 'येतेच.'

तिकडे तात्या तळ्याकाठी बसून होते. निरोप आला की बेडूक विचारायचे, काय तात्या, नदीवरून आला का निरोप? एके दिवशी तात्यांनी तोंडातलं शेवाळ थुंकलं आणि म्हणाले, मीच जाऊन बघून येतो. ते डोंगराच्या वाटेला लागले.

ते डोंगरावर पोचले तेव्हा मेळावा पुन्हा भरला होता. दारात त्यांच्या गळ्यात पान अडकवायला गेले, तर तात्यांनी मान आत घेतली. पान खाली पडलं. ते तसेच आत गेले.

आत त्यांना मोरपिसांनी भरलेलं एक जनावर दिसलं.

"बाई, इथे आमची यमू साळिंदर कुठे भेटेल?"

"तात्या, मीच."

तात्यांनी तिला नीट न्याहाळलं. "काटे कुठे गेले गं तुझे?"

"आहेत खाली," यमू म्हणाली. तिला एकदम रडू आलं. तिने तात्यांना अगदी पुढे नेऊन बसवलं. चित्रपट सुरूच होणार होता.

काजवे लागले. पट्टी सरसर निघाली. भिंतीवर तात्या चालू लागले. खाली बसलेले तात्या बघत होते. आटलेलं तळं आलं, माळ आला, दर झाडाखालची सावली आली. "हा मीच," ते शेजारच्याला म्हणाले. शेजारी कोणी जाणकार होते. त्यांना डुलकी लागली होती.

उतार आला. भिंतीवरच्या तात्यांनी डोळे मिटले. खालच्या तात्यांनी मान होती नव्हती तेवढी बाहेर काढली.

भिंत काळी झाली. टाळ्या पडल्या.

पोपट उठले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "शेवटी कासव पोचतं का?"

यमूने तोंड उघडलं. किती जंगलांत किती वेळा दिलेलं उत्तर ते. जिभेवरच बसलेलं. तिने तात्यांकडे बघण्याआधीच ते बाहेर पडलं.

"पोचतं की नाही, ते मलाही माहीत नाही. ते मी प्रेक्षकांवर सोडलंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर तात्या हळूच म्हणाले, "म्हणजे बेडकांचंच खरं."

त्यांना राग आला नव्हता. त्यांनी तोंड वळवलं, गुहेच्या बाहेर आले आणि नदीच्या दिशेने चालू लागले. राहिलेलं काम पुरं करायला हवं होतं.

यमू धावत बगळेसाहेबांकडे गेली. "साहेब, माझा तुकडा द्या. आत्ताच्या आत्ता दाखवायचाय."

"खुशाल घ्या," बगळेसाहेब म्हणाले. त्यांनी पाय खाली केला, पंजा उघडला. तुकडा तिथेच होता, जरा ओलसर. "नियम तेवढा सांगून ठेवतो. चित्रपट पुरा झाला की मोरपिसं परत. पिवळं पान परत. आणि डोंगरापलीकडचं बोलावणं आलंय. सगळ्यांत मोठा अपूर्ण विभाग. ते अर्थात दुसऱ्याला जाईल."

गिधाडराव मात्र लगेच उठून गेले. उन्हात, त्या वयात, त्या वाटेने कासव निघालंय म्हटल्यावर त्यांना शेवट चुकवायचा नव्हता. जाता जाता ते म्हणाले, "ससा नाही, तरी यात दम आहे."

यमू दारात उभी राहून विचार करू लागली. बगळेसाहेबांच्या पंजात तुकडा होता. पाठीवर मोरपिसं होती. एक हाक मारली असती तरी तात्यांना ऐकू गेली असती. ती विचार करत राहिली आणि तात्या दिसेनासे झाले.

आता कासव दिसेनासं व्हायला किती वेळ लागतो, ते एकदा मैदानात बसून बघा.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम कधीही पुरं करू नये. पुऱ्या कामाला बघणारे लागतात, अपुऱ्याला नुसते मार्गदर्शक पुरतात, आणि त्यांची टंचाई नाही. कासवांनी मात्र शेवटच्या उतारावर डोळे उघडे ठेवावेत. आपण पोचलो हे आपलं आपण बघून घेतलेलं बरं.