गार्डसाहेबांचा बारावा प्रवासी

लग्नाच्या पंगतीत शिट्टी फुंकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, माझ्याच पुतणीच्या लग्नात. श्रीखंड वाढून झालं, लोक पहिला घास उचलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून फुर्रर्र! सगळ्यांचे हात जागच्या जागी. आमचे शेजारी वसंतराव ताटं मोजत उभे. "एक माणूस कमी आहे. कोण उठलं?" नवरदेवाचे मामा हात धुवायला गेले होते. ते परत येऊन बसेपर्यंत कुणाची जेवायची हिंमत झाली नाही.

वसंतराव रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण उज्जैनच्या आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत ते अजून गार्डसाहेबच, आणि शिट्टी अजून गळ्यात. त्यांची बायको, आमच्या सुधावहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तर ती झोपतानाही काढत नसावेत. दुसरी खोड पाट्या वाचायची. दिसेल ती पाटी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्यानं. टावर चौकात त्यांची एक पाटी वाचून होईतो माझी कचोरी थंडगार झाली होती. वर मलाच म्हणाले, "वहिनी, कुणीतरी मेहनत करून लिहिलेलं असतं. वाचायला आपलं काय जातं?"

यंदा आमच्या मंडळाची अंदमानची सहल निघाली. आम्ही अकरा जण, त्यात माझी नऊ वर्षांची नात मुक्ता. मुलाला आणि सुनेला सुट्टी मिळेना. निघताना सून एवढंच म्हणाली, "आई, पाण्याजवळ तिचा हात सोडू नका हं." मी म्हटलं, "अगं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय." आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

इंदूरच्या विमानतळावर गार्डसाहेबांनी बोट फिरवून मोजलं. "बारा. गिनती पूरी."

"अहो, आपण अकरा आहोत," मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मोजलं. शेवटचं बोट स्वतःच्या बॅगेशी थांबलं. "बाराच. चला."

"तुमच्या गाडीला एक डबा फुकटचा लागलाय, गार्डसाहेब!" सगळे हसले. ते नाही हसले. मग प्रत्येक बसला, प्रत्येक बोटीला तेच. आम्ही अकरा, त्यांचे बारा. आम्ही म्हटलं, वय झालं.

बेटावरच्या किनाऱ्यावर पोचलो तर गार्डसाहेब आधी पाटीपुढे. जेलीफिश असू शकतात, अंगभर कपडे घालावेत, डंख झाल्यास... पुढचं मी ऐकलंच नाही. चपला कुठे ठेवाव्यात ही माझी चिंता. वाचून झाल्यावर त्यांनी बॅगेतून काय काढावं? सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली, चिमटा आणि गरम पाण्याचा थर्मास. उज्जैनहून आणलेलं सगळं!

"भैया, इथे चाऊमीनचा ठेला लावताय का?" कुसुमताई म्हणाल्या.

मुक्तानं लांब लेगिंग घातलं होतं. ओलं झालं तर वाळवायची झंझट कोण करणार, म्हणून मी ते गुडघ्यापर्यंत दुमडलं. लगेच शिट्टी. "वहिनी, ते खाली करा! पाटीवर लिहिलंय."

"गार्डसाहेब, गुडघाभर तर पाणी आहे. पोरीला जरा मोकळं सोडा की."

पोरीला मोकळं मीच सोडलं. पदर सावरायला हात काढला, तेवढीच दोन मिनिटं. आणि मुक्ता किंचाळली.

तसली किंकाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी तिला ओढत, उचलत वर कोरड्या वाळूत आणली. पोटरीला पारदर्शक दोऱ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि त्याच्याखाली चाबूक मारल्यासारखे लाल वळ उठत होते. "आजी, जळतंय! आजी, काढ ना!" ओठ पांढरे, श्वास भराभर, मध्येच अडकणारा. गार्डसाहेब लांब होते, खोल पाण्यात चाललेल्या कुसुमताईंना शिट्टीनं माघारी बोलावत. त्यांची बॅग माझ्यापुढे उघडी पडली होती आणि तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली, लाल धागा बांधलेली. ती कसली हे उज्जैनच्या बाईला सांगावं लागत नाही. चक्कर आली की क्षिप्रेचं पाणी, दृष्ट लागली की क्षिप्रेचं पाणी. मी झाकण काढलं आणि क्षिप्रामाईचं नाव घेऊन पोटरीवर ओतलं.

मुक्ता आधी ओरडत होती ते काहीच नव्हतं म्हणायची वेळ आली. पोर धनुष्यासारखी वाकली.

"गोडं पाणी नाही! वहिनी, गोडं पाणी नाही!" गार्डसाहेब धावत आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या हातावर असा फटका मारला की बाटली उडून वाळूत आडवी पडली. भडाभडा पाणी सांडत होतं, वाळू पीत होती. त्यांनी तिकडे बघितलं, एकदाच. मग सिरक्याची बाटली उघडली.

"हात लावू नका. चोळू नका. मुक्ता बेटा, माझ्याबरोबर मोज. एक... दोन..."

तीसपर्यंत सिरका ओतत राहिले. तिनंही मोजलं, रडत रडत. मग चिमट्यानं एकेक दोरा उचलला. इतक्यात जीवरक्षक पळत आला. "अंकल, सिरका आपके पास था? बहुत अच्छा किया. मीठा पानी तो नहीं डाला?"

मी मान खाली घातली. गार्डसाहेब म्हणाले, "थोडा सा. गलती से."

दवाखान्यात न्यायला जीप आली. चढण्याआधी त्यांनी ती रिकामी बाटली उचलली आणि पाणी जिरलं होतं त्याच ओल्या वाळूत सरळ रोवून ठेवली. म्हटलं, या घाईतही यांचं आपलं काहीतरी! वाटभर ते मुक्ताच्या छातीकडे आणि घड्याळाकडे बघत श्वास मोजत होते. "छत्तीस." थोड्या वेळानं, "चौतीस." मी देवाचं नाव विसरले होते, त्या आकड्यांचाच जप करत होते. दवाखान्यात औषध दिलं, पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला. "सव्वीस," गार्डसाहेब म्हणाले. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, धोका टळला, पण दोन-तीन तास इथेच थांबा. मी वळून बघितलं तर गार्डसाहेब गायब.

संध्याकाळी परतलो तेव्हा ते किनाऱ्यावर, त्या बाटलीशेजारी, मांडी घालून बसले होते. कुणी जवळून चाललं की शिट्टी. "उधर से भैया, उधर से जाइए." लोक वेड्याकडे बघावं तसे बघून वळसा घालत होते.

मी शेजारी बसले. "गार्डसाहेब, तुमचं पाणी मी..."

"मुक्ता कशी आहे?"

"बरी आहे. आइस्क्रीम मागतेय."

त्यांनी बाटलीवरचा लाल धागा नीट केला. "सुधाला समुद्र बघायचा होता, वहिनी. घरात दरवर्षी रेल्वेचा पास पडलेला असायचा. मीच म्हणायचो, पुढच्या वर्षी. अस्थी क्षिप्रेत सोडल्या, त्याच घाटावरून हे पाणी भरून आणलं. म्हटलं, पुढचा प्रवास आपण करवून देऊ."

मला आता कळलं, बारावं कोण होतं.

"आणि तरी तुम्ही ते सांडलंत?"

"पोरीला श्वास घेता येईना, वहिनी." मग समुद्राकडे हात केला. "त्या जीवरक्षकाला विचारलं मी. भरती इथपर्यंत येते म्हणाला."

आम्ही सगळेच तिथे बसून राहिलो. कुसुमताईसुद्धा. लाटा वर येत, थबकत, मागे जात. मग एक लांबलेली लाट आली, बाटलीला वळसा घालून तिला आडवी केली आणि वाळूतला तो डाग घेऊन परत गेली. गार्डसाहेब उठून उभे राहिले, गाडी सुटताना उभे राहत असतील तसे. शिट्टी ओठांना लावली, अगदी हळू वाजवली.

मग वळले. माझ्यावरून मुक्तावर, मुक्तावरून कुसुमताईंवर, एकेकावरून बोट फिरत गेलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या छातीला लावलं आणि तिथेच ठेवलं.

"अकरा," ते म्हणाले. "चला."

मुक्तानं माझा हात सोडला आणि लंगडत जाऊन त्यांचा धरला.