दहा गुंठे तण

आमच्या नेसरीत माझ्या रानाइतकं तण दुसऱ्या कुणाच्या रानात नव्हतं, आणि मला त्याचा गर्व होता. सगळ्या शिवारात ऊस आणि मधे माझे हे दहा गुंठे: माका, भुईआवळी, आघाडा, अडुळसा आणि मधल्या ओळींत राळ्याचं बारीक धान्य. लोक बांधाबांधावर तणनाशक मारायला लागले तेव्हा माझ्या बायकोनं, शांभवीनं, एकेक औषधी रोप उपटून आणून इथं लावलं होतं. गेल्या वर्षी ती गेली. यंदा सगळ्याला बी धरू द्यायचं आणि दिवाळीत घरोघरी वाटायचं, असं मी ठरवलं. तिच्या नावानं एवढं तरी माझ्या हातून नीट होईल असं वाटलं होतं.

नीट होण्याचा आणि माझा काही संबंध नाही. बी भरायला लागलं आणि मी बांधावरून घसरून पाय मोडून घेतला. गडहिंग्लजच्या दवाखान्यात शेजारचा पिराजी भेटायला आला.

"रानाकडं जरा बघ रे बाबा," मी म्हणालो.

"घोर करू नका, अण्णा. बघतो की."

त्यानं बघितलं. घरी परतताना रिक्षा रानाशी थांबवली, तर न्हाव्यानं डोकं भादरावं तसं रान साफ. बांधावर निम्मी गल्ली उभी, तोंडं खुललेली.

"एक काडी ठेवली न्हाय," पिराजी म्हणाला.

"वैनी गेल्यापास्नं तुमचं ध्यानच न्हाय रानाकडं," गल्लीतल्या धोंडुबाई म्हणाल्या. "तण बघून आमालाच रडू यायचं. मग सगळ्यांनी पैरा केला."

पैऱ्यानं एकमेकांच्या रानात राबायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं मला भांडायचीही सोय नव्हती.

"आणि राळा?"

"त्ये व्हय? म्हशीनं लई आवडीनं खाल्लं."

"बाकीचं?"

"वाळवून आज पेटवलं. बी पडलं तर परत उगवंल की ओ." पिराजीनं धुरणाऱ्या ढिगाकडं बोट केलं.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण ही माणसं दिवसदिवस माझ्यासाठी वाकली होती. माझे डोळे भरून आले.

"एवढं काय त्यात, अण्णा," पिराजी लाजून म्हणाला. "शेजारधर्म हाय."

"उपकार झाले," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

धोंडुबाई गुडघा चोळत मटकन खाली बसल्या. "वाकून वाकून सूज आलीया. वैनी कसला तरी पाला वाटून लावायच्या, लगेच उतार पडायचा. कुठं मिळंल ओ त्यो?"

मी ढिगाकडं पाहिलं. अजून ऊब होती.

"त्यो तिथंच हाय सगळा," मी म्हणालो. "जवळ बसून शेका."

त्या सरकून बसल्या. मीही प्लास्टरचा पाय पुढं करून शेजारी टेकलो. घटकाभरानं धोंडुबाई म्हणाल्या, "गुण हाय बघा वैनींच्या पाल्यात."