नवव्या बोंबलाचा ओटीपी

बोईसरच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांना वजाबाकी आवडू लागली आहे, ही गंभीर बाब सर्वप्रथम मोनालीच्या लक्षात आली. तिची मेघाली मोबाइलवर वजाबाकी करत होती आणि हसत होती. महिन्यापूर्वीपर्यंत हातच्याचं गणित दिसलं की या मुलीच्या पोटात दुखायचं. मोनालीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

कारण निघालं सुजीत सरांनी बनवलेल्या खेळात. होडीतून जाळं टाकायचं, बोंबील कोडीने यायचे, एका कोडीत वीस. सांगितले तेवढे वाटायचे, उरलेले मोजायचे. चुकलं की मासे खदाखदा हसत पाण्यात उड्या मारायचे आणि एक बाई ओरडायची, "परत टाक गो जालं! दर्या काय पलून जात नाय!" हा आवाज दातिवऱ्याच्या पुष्पलतामावशीचा. ती मोनालीच्याच इमारतीत मासळी विकायला यायची. तिचा तो ओरडा ऐकायला मेघाली आधी मुद्दाम चुकायची, मग बरोबर करायची आणि म्हणायची, "अजून एकदा!"

मोनाली बी.एस्सी. होती. न रडता आलेली वजाबाकी टिकेल का, या काळजीत तिची पोळी करपली. तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'मुलांना मजा येतेय. शाळेला कल्पना आहे का?'

शाळेला कल्पना नव्हती. तातडीने 'आनंद नियमन उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष भाग्यश्रीताई, सचिव, अर्थातच, मोनाली.

"मासे विद्यार्थ्याला हसतात. हा अवमान आहे," भाग्यश्रीताई म्हणाल्या. मासे गंभीर करण्यात आले.

"आणि ती भाषा?" कमलेशराव उठले. "आमचा चिरंजीव माझ्या साहेबांना म्हणाला, पलून जात नाय!"

मावशीच्या जागी यंत्राचा आवाज आला: 'आपले उत्तर अमान्य आहे. कृपया सुधारित उत्तर सादर करावे.'

"पण ताई," सुजीत सर चाचरत म्हणाले, "मुलं चुकायला घाबरत नव्हती, म्हणून तर शिकत होती."

"सर, चुकायची भीतीच गेली तर आम्ही घरी काय दाखवून अभ्यास करून घ्यायचा?"

सरांचं म्हणणं इतिवृत्तात 'तांत्रिक अडचण' म्हणून नोंदवलं गेलं. मग जाळं टाकण्यापूर्वी नऊ पानी सूचना आल्या. चुकल्यास तीन तास होडी जप्त. आणि गैरप्रकार टाळण्यासाठी प्रत्येक बोंबलामागे पालकाच्या मोबाइलवर ओटीपी.

"मम्मी, नववा बोंबील!"

"थांब गं, कुकर उतरवते."

"मम्मी, मुदत संपली. परत पहिल्यापासून."

आठवडाभरात खेळ पूर्णतः शैक्षणिक झाला, असा अहवाल मोनालीने सादर केला. त्याच दिवशी मेघाली मोबाइल ठेवून म्हणाली, "मम्मी, पोटात दुखतंय."

रविवारी सकाळी जिन्यातून हसण्याचा आवाज आला. मोनाली डोकावली. खाली मावशीच्या टोपलीपाशी मेघाली उकिडवी बसली होती.

"दोन कोडी होते. रूपालीताईनं तेरा नेले. ऱ्हायले किती?"

"सदतीस!"

"सदतीस? मंग वरचे धा काय तुजे खिशात हायेत? परत मोज गो!"

मेघालीने खिसे उलटे करून दाखवले, खिदळली, पुन्हा मोजलं. "सत्तावीस!"

पोटदुखीचा मागमूस नव्हता. मोनालीचे डोळे भरून आले. असू दे असंच, असं तिला क्षणभर, अगदी मनापासून वाटलं. पण ती सचिव होती.

टोपलीवरच्या वजाबाकीसाठी पुष्पलतामावशीलाही लॉगिन आयडी देण्याचा ठराव एकमताने संमत झाला. तेव्हापासून मावशी शेजारच्या इमारतीत बसते. मेघाली खिडकीतून बघते.

प्रस्तुत कथेस उपसमितीची मान्यता आहे. वाचताना जिथे हसू आलं, त्या ओळी अधोरेखित करून त्यांतून काय शिकलात ते सोमवारपर्यंत सादर करावे. दोनदा हसलेल्यांनी येताना पालकांना सोबत आणावे.