लेकीच्या घरचं पाणी

संजीवनीने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि चांगोबाबांनी आधी कोंबड्याला आत बसवलं.

कोंबडा तांबडा, चांगला तुरेवाला होता. पाय सुतळीने बांधलेले, अंग कापडी पिशवीत आणि मान तेवढी बाहेर. चांगोबाबांच्या थोरल्या बहिणीचा, भिमीआत्याचा हात मोडला होता. ती राहायची मुरबाडजवळ. आजारी बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून हा कोंबडा.

"बाबा, त्याला मागच्या सीटवर ठेवा."

"मागं एकटा घाबरल तो."

दारात उभ्या असलेल्या सुंदराबाई म्हणाल्या, "दिवस बुडायच्या आत या. मी आली असती, पन म्हशीचं कोन बघल? आनि गुरवारी माझा दात हाय."

सुंदराबाई दर महिन्याला सापगावाहून वाशिंदला दातांच्या डॉक्टरकडे जात. आठ महिने झाले होते.

"एक दात आठ महिने," चांगोबाबा पुटपुटले. "तेवढ्यात रेडकाची म्हैस होती."

"मुळापासनं करायचं म्हनजे टाइम लागतो. तुमाला काय कलतंय त्यातलं."

संजीवनी वाकून टायरमधली हवा बघू लागली. हवा सकाळीच शहापुरात भरून घेतली होती.

तीन वर्षांपूर्वी संजीवनीने आणि पंकजने वाशिंदला दोन खोल्यांची जागा घेतली. वास्तुशांतीला चांगोबाबा नारळ घेऊन आले, बिल्डिंगच्या गेटपाशी उभे राहिले, नारळ जावयाच्या हातात दिला आणि तसेच मागे फिरले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बापाने घ्यायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची, गणूबाबांची शिकवण. संजीवनीने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं फोनवरच्या 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर आलं होतं.

म्हणून तिने ही जुनी गाडी घेतल्यावर मनाशी एक ठरवलं. बाबांना आत्याकडे न्यायचं आणि परतताना काहीही करून वाशिंदला आणून एक कप चहा पाजायचा. बापलेक तासभर शेजारी बसले की बोलतील, बोलले की विरघळतील, असा तिचा हिशेब होता. त्या हिशेबात कोंबडा नव्हता.

गाव मागे पडून दहा मिनिटंही झाली नसतील.

"थांबव गो," चांगोबाबा म्हणाले.

"काय झालं?"

"पानी प्यायचंय."

"मग प्या ना. बाटली तुमच्या मांडीवर आहे."

"गाडी कोनाची?"

"माझी."

"मंग तुझ्या घरात बसून कसा पिऊ?"

संजीवनीने गाडी कडेला घेतली. चांगोबाबा उतरले, चार पावलं चालून गेले, बाटलीत घरून आणलेलं सापगावच्या विहिरीचं पाणी घटाघट प्यायले आणि परत येऊन बसले. पुढे अर्ध्या मैलावर त्यांना तंबाखूची आठवण झाली.

"तंबाखू म्हणजे जेवण नाही, बाबा."

"तोंडात जातो ना? मंग खाल्ल्यासारखाच."

अशी गाडी किन्हवलीपर्यंत चार वेळा थांबली. एसटी त्यांना मागे टाकून गेली. मग लाकडं भरलेला ट्रॅक्टर मागे टाकून गेला. पाचव्या वेळी थांबल्यावर चांगोबाबांनी कोंबड्याची पिशवीही खाली घेतली.

"आता त्याला कुठे नेताय?"

"त्यालाबी तहान लागली असल."

"त्याला गाडीतच पाजा. त्याला कसली रीत?"

चांगोबाबांनी लेकीकडे वळून पाहिलं. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे मास्तर बघतात तसं.

"हा आपल्या घरचा जीव. आपल्या दान्यावर वाढलेला. घराची रीत ती त्याचीबी रीत."

त्यांनी कोंबड्याला पिशवीतून काढून बांधावर ठेवलं, त्याला नीट उभं राहता यावं म्हणून पायाची सुतळी जरा सैल केली आणि झाकणात पाणी ओतलं. कोंबड्याने पाण्याकडे पाहिलं नाही. त्याने मोकळं रान पाहिलं. एका झेपेत तो वालाच्या शेतात शिरला आणि सुतळी तेवढी बांधावर राहिली.

"धर गो त्याला," म्हणत चांगोबाबा मागे धावले. संजीवनी ओढणी कमरेला खोचून दुसऱ्या बाजूने गेली. कोंबडा एकदा डावीकडून दिसला, एकदा उजवीकडून दिसला आणि शेवटी शेताच्या टोकाला असलेल्या एका घराच्या अंगणात घुसला. तिथे वालाच्या शेंगा सोलत एक म्हातारी बसली होती आणि तिच्याभोवती आठ-दहा कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्यांत तांबडे, तुरेवाले कोंबडे चार.

"आमचा कोंबडा आला इकडं," चांगोबाबा धापा टाकत म्हणाले.

"आला असल. यातला कोनता?"

चांगोबाबांनी एकाकडे बोट दाखवलं. संजीवनीने दुसऱ्याकडे दाखवलं.

म्हातारी हसली. तिचं नाव सकुबाई. "बाप एक सांगतो, लेक दुसरा सांगते. दोनय माझेच. चोरी करायला आलाव का?"

"नाय गो बाय. देवाशपथ, आमचा यातच हाय."

"मंग निवांत बसा. चौघांकडं बघा. जो धापा टाकतोय तो तुमचा."

सगळे बसले. खरंच, तीन कोंबडे मजेत दाणे टिपत होते आणि चौथा चोच उघडी टाकून, पंख पसरून भिंतीला टेकला होता. चांगोबाबांचीही अवस्था अगदी तशीच झाली होती.

"तुमची तब्येत बी त्याच्यासारखीच दिसते," सकुबाई म्हणाली आणि आतून पितळी तांब्या भरून घेऊन आली. चांगोबाबांनी तो वर धरला आणि खाली ठेवला तेव्हा तांब्या रिकामा होता.

गाडीत परत बसल्यावर संजीवनीने चावी फिरवली नाही.

"बाबा, त्या बाईचं नाव तुम्हाला दहा मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं."

"मंग?"

"तिच्या घरचं पाणी चालतं."

चांगोबाबा समोरच्या काचेतून बघत राहिले. "ती लेक नाय ना माझी."

"हो. लेक असण्याचीच शिक्षा आहे सगळी."

संजीवनीने आपली बाटली उघडली, एक घोट घेतला आणि झाकण न लावताच मधल्या खळग्यात ठेवली. तेवढ्यात चांगोबाबांच्या मांडीवरून एक लांब मान पुढे आली. कोंबड्याने बाटलीत चोच घातली, मान वर केली, घोट गिळला आणि पुन्हा चोच घातली. दोघं बघत राहिले.

"आपल्या घरचा जीव," संजीवनी हळूच म्हणाली.

"त्याला अक्कल नाय," चांगोबाबा म्हणाले. पण आत्याचं सरळगाव येईपर्यंत त्यांनी एकदाही गाडी थांबवली नाही.

भिमीआत्या ओटीवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, तोंड मात्र शाबूत होतं.

"आलास रे चांगो? किती वाजले? कोंबड्यावर बसून आलास का?"

संजीवनीने चहा ठेवता ठेवता सगळी कहाणी सांगितली. पाणी, तंबाखू, वालाचं शेत, सकुबाई. आत्या हसून हसून मोडलेला हात धरून बसली.

"आनि हे कोनी शिकवलंन रे तुला?"

"कोनी म्हनजे? बाबांनी. बाबांनी तुझ्या घरचा थेंब कवा घेतला काय?"

आत्याचं हसू थांबलं. तिने भावाकडे नीट पाहिलं.

"अरे येड्या, बाबा दर बाजाराला मुरबाडला यायचे ना? बैलांचा दाना घ्यायला?"

"यायचे."

"मंग दुपारचं कुठं जेवायचे?"

वडील बाजारात काय खायचे, हे चांगोबाबांनी कधी विचारलंच नव्हतं.

"इथं. तू बसलास त्याच जागी. दोन भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटनी आनि वर चा. जाताना दर वेळी सांगायचे, 'भिमे, चांगोला बोलू नको हा. त्याला मीच शिकवलीय रीत, आता मोडू कशी?' पंधरा वर्सं आले."

खाली कोंबडा पिशवीत कुरकुरला. चांगोबाबांनी कप उचलला, त्यात बघितलं आणि न पिता परत ठेवला.

"पंधरा वर्सं," ते एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी ना पाणी मागितलं, ना तंबाखू. मधेच एकदा म्हणाले, "बाबांना बोंबील लय आवडायचे." मग किन्हवलीच्या पुढे म्हणाले, "तू गाडी चांगली चालवतेस." संजीवनीने फक्त मान हलवली.

सापगाव जवळ आलं. घराकडे वळायचा रस्ता दिसायला लागला. संजीवनीने वेग कमी केला. तिने सकाळपासून चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आता आठवेना.

"वाशिंद किती लांब इथनं?" चांगोबाबांनी विचारलं.

"अर्धा तास. फार तर."

"मंग सरळ घे. गाडी तापली तर तापली."

पंकज कामावर होता. संजीवनीने कुलूप उघडलं. चांगोबाबांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, आत आले, भिंतींकडे पाहिलं, खिडकीतून खाली ते गेट पाहिलं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. तिने पाणी दिलं. त्यांनी ते सावकाश, एकेक घोट करत प्यायलं. मग चहा झाला. बशीत ओतून तोही प्यायला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले. संजीवनीकडे इतकी गोड तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

कप ठेवायला ते स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले. "एक सांगतो गो," ते आतून म्हणाले, "तुझ्या आयला बोलू नको हा. तिला वाटल, एवढी वर्सं..."

वाक्य तिथेच थांबलं. संजीवनी दारात येऊन उभी राहिली. चांगोबाबांच्या हातात मशेरीची पितळी डबी होती. झाकणावर मोर. म्हसा गावच्या जत्रेतून त्यांनीच बायकोला आणून दिलेली. ओट्यावरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ती अशी ठेवलेली होती, की तिची रोजची जागा तीच असावी.

"ही डॉक्टरनं इथं ठेवली काय?"

"आईने सांगितलं होतं," संजीवनी खाली बघत म्हणाली, "बाबांना बोलू नको."

"आठ महिने?"

"आठ महिने."

चांगोबाबांनी डबी उघडली, वास घेतला, बंद केली आणि होती त्याच जागी, मोर समोर येईल अशी ठेवली.

"दात बरा हाय ना पन तिचा?"

"एकदम."

"मंग चालू दे इलाज." ते चपला घालायला निघाले. दारापाशी थांबून त्यांनी गालावर हात ठेवला आणि जीभ फिरवून बघितली.

"माझीबी एक दाढ दुखते गो थोडी. तुझ्या आयचा गुरवार सोडून डॉक्टर कवा असतो?"